एकाच मागणीतल्या दोन मस्टँग: जीर्णोद्धार कुठे थांबावा, याचा प्रकरण अभ्यास

१९६८ सालच्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील फोर्डच्या कारखान्यातून हायलँड ग्रीन रंगाच्या दोन मस्टँग जीटी फास्टबॅक मोटारी बाहेर पडल्या. त्यांचे ओळख क्रमांक एकापाठोपाठचे होते: ८आर०२एस१२५५५८ आणि ८आर०२एस१२५५५९. त्यातील ८ हा आकडा १९६८ हे साल सांगतो, आर हे अक्षर सॅन होझेचा कारखाना, ०२ ही संख्या उतरत्या छपराची दोन दारांची बांधणी आणि एस हे अक्षर ३९० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, व्ही-८ इंजिन. रंग एक, इंजिन एक, गिअरबॉक्स एक आणि गिऱ्हाईकही एकच. दोन्ही गाड्या वॉर्नर ब्रदर्सच्या ‘बुलिट’ या चित्रपटासाठी घेतल्या गेल्या. पन्नास वर्षांनी त्या पुन्हा लोकांसमोर आल्या तेव्हा एकीच्या अंगावर मूळ रंग, गंज आणि पोचे जसेच्या तसे होते, तर दुसरीचे पांढरा रंग चढवलेले, इंजिन आणि गिअरबॉक्स नसलेले कवच तेवढे उरले होते. पहिली जवळजवळ हात न लावता जपली गेली आणि दुसरी जीर्णोद्धाराला घेतली गेली. आरंभी सर्व बाबतींत सारख्या असलेल्या दोन वस्तूंबाबत दोन वेगळे निर्णय घेतले गेल्याचे इतके स्पष्ट उदाहरण जुन्या मोटारींच्या क्षेत्रात दुसरे सापडणे कठीण आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर तपासण्याजोगे वाटते.

या लेखात तपासायचा प्रश्न असा: जुन्या मोटारीची दुरुस्ती कोणत्या टप्प्यापर्यंत तिचे रक्षण करते आणि कोणत्या टप्प्यानंतर तिचा पुरावा पुसू लागते? माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. ही मर्यादा पत्र्याच्या अवस्थेवर ठरत नाही. त्या पत्र्यात काय नोंदले गेले आहे आणि ती नोंद अन्यत्र कुठे उपलब्ध आहे का, यावर ती ठरते.

गाडी आणि तिच्यावर झालेले काम

अमेरिकी मसल कारचा काळ साधारणपणे १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून मोजला जातो. मध्यम किंवा लहान आकाराच्या दोन दारांच्या गाडीत मोठ्या सेडानचे इंजिन बसवायचे आणि ती तरुण गिऱ्हाइकाला परवडेल अशा किमतीला विकायची, ही त्यामागची साधी व्यापारी कल्पना होती. १९७१ पासून उत्सर्जनाच्या नियमांसाठी इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, उतरवले गेले, विम्याचे हप्ते वाढत गेले आणि १९७३ च्या तेलसंकटाने या गाड्यांची उरलीसुरली बाजारपेठही मोडली. मस्टँगचे इंजिनाचे दालन १९६७ च्या नव्या बांधणीत रुंद करण्यात आले, ते मुख्यतः हे ३९० घनइंचांचे इंजिन मावावे म्हणून. १९६८ च्या जीटीमध्ये त्याची जाहीर शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. अर्थात हा आकडा त्या काळच्या पद्धतीने, इंजिन चाचणीमंचावर ठेवून आणि त्यावरची बरीचशी जोडसामग्री उतरवून मोजलेला आहे, आणि आजच्या गाड्यांच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही.

चित्रपटासाठी या दोन गाड्यांवर काम केले ते लॉस एंजेलिसमधील शर्यतीच्या मोटारींचे नामांकित कारागीर मॅक्स बालचाउस्की यांनी. चित्रपटातील मोटारींच्या पाठलागाच्या दृश्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर गाडी हवेत उडून पुन्हा आपटणार होती. मस्टँगमध्ये पुढच्या स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर ज्या पत्र्याच्या मनोऱ्यांना टेकतात, ते मनोरे हा या गाडीचा मूळचाच दुबळा भाग आहे आणि रोजच्या वापरातही तिथे तडे जातात. बालचाउस्कींनी ते मनोरे बळकट केले, स्प्रिंगा अधिक कडक केल्या, कोनीचे शॉक अॅब्सॉर्बर बसवले आणि इंजिनाची जुळणी अधिक चोख केली. दिसण्याच्या बाजूने उलट गाडी उतरवण्यात आली. जाळीतला धावता घोडा, जीटीची चिन्हे आणि धुक्याचे दिवे काढले गेले, अमेरिकन रेसिंगची पाच आऱ्यांची चाके बसवली गेली आणि चकाकी मारून रंग थोडा मळकट करण्यात आला. पोलीस अधिकाऱ्याची वापरातली गाडी वाटावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे कारखान्यातून निघाल्यानंतर काही आठवड्यांतच या गाड्या मूळ राहिल्या नव्हत्या, आणि नेमके तेच बदल पुढे त्यांच्या महत्त्वाचे कारण ठरले. या प्रकरणातील सर्व गुंता या एका वस्तुस्थितीतून निघतो.

चित्रीकरणात कामाची विभागणी ढोबळमानाने अशी होती की ५५८ (ओळख क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे) ही उड्यांची आणि धक्क्यांची गाडी होती, तर ५५९ मुख्यतः जवळून घेतलेल्या दृश्यांसाठी होती. स्टंटचे काम पाहणाऱ्या कॅरी लॉफ्टिन यांच्या देखरेखीखाली, पाठलागातल्या दुसऱ्या गाडीच्या, म्हणजे काळ्या डॉज चार्जरच्या, चाकामागे स्टंटचालक बिल हिकमन होते. मस्टँग काही वेळा चित्रपटाचे नायक स्टीव्ह मॅक्वीन स्वतः चालवत होते, तर सर्वांत धोक्याच्या भागांत स्टंटचालक बड एकिन्स. सुमारे अकरा मिनिटांच्या त्या पाठलागाने चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. चित्रपट ऑक्टोबर १९६८ मध्ये प्रदर्शित झाला, आणि दोन्ही गाड्यांची गरज तिथेच संपली. पुढे अर्ध्या शतकानंतर त्या इतक्या मौल्यवान ठरतील, असे तेव्हा कुणाला वाटण्याचे काही कारण नव्हते.

५५९ चा प्रवास

५५९ ही गाडी वॉर्नर ब्रदर्सच्या एका कर्मचाऱ्याने घेतली, १९७० मध्ये ती न्यू जर्सीतील एका पोलीस अधिकाऱ्याकडे गेली आणि १९७४ मध्ये मोटारींच्या मासिकातील एक छोटी जाहिरात वाचून त्याच राज्यातील एका कुटुंबाने ती विकत घेतली. या कुटुंबाने ती शोभेची वस्तू म्हणून ठेवली नाही. घरातील बाई शाळेत शिकवायला जाताना हीच गाडी चालवत असत. १९७७ च्या डिसेंबरमध्ये मॅक्वीन यांनी स्वतः पत्र लिहून ती परत मागितली आणि कुटुंबाने ती दिली नाही. १९८० मध्ये क्लच निकामी झाला तेव्हा गाडीने सुमारे ६५,००० मैल पार केले होते. ती बाजूला लावण्यात आली. घर बदलत गेले तशी गाडीही सोबत हलत राहिली आणि अखेर टेनेसीत स्थिरावली. २००१ मध्ये वडील आणि मुलगा यांनी इंजिन खोलून कामाला हात घातला, पण ते काम रेंगाळले. २०१४ मध्ये वडिलांचे निधन झाल्यानंतर मुलाने ते पुन्हा हाती घेतले.

निर्णयाचा क्षण इथे येतो, आणि तो जितका सोपा वाटतो तितका नव्हता. मस्टँगचा सांगाडा स्वतंत्र चॅसीचा नसून पत्र्याच्या एकसंध कवचाचा आहे. त्यामुळे गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही, तो ताकदीचा प्रश्न होतो. या गाडीच्या रोगाची ठिकाणे ठरलेली आहेत. समोरच्या काचेखाली हवा घेण्याची जी जाळी असते, तिच्या आतला पत्रा पावसाच्या पाण्याने कुजतो आणि पाणी थेट चालकाच्या पायाखालच्या फरशीत उतरते. बॅटरीखालचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो, आणि मागच्या चाकांभोवतीचे मडगार्ड व त्यांमागचे तळाचे तुकडे चिखल साचून सडतात. अशा गाडीचा पूर्ण जीर्णोद्धार करायचा म्हणजे तिचा प्रत्येक नट-बोल्ट सुटा करायचा, कवच फिरत्या चौकटीवर चढवायचे, वाळूच्या किंवा तत्सम माऱ्याने ते उघड्या लोखंडापर्यंत आणायचे, कुजलेले भाग कापून बाजारात मिळणारे नवे तुकडे वेल्ड करायचे, पुट्टी भरून घासायचे आणि नव्या रंगाचे थर चढवायचे. अमेरिकेत साठच्या दशकातील मस्टँगसाठी जवळजवळ प्रत्येक तुकडा नव्याने बनतो. संपूर्ण नवे कवचसुद्धा फोर्डच्या परवान्याने मिळते. पैसा आणि कसब असेल तर कोणतीही मस्टँग १९६८ च्या शोरूममधल्यापेक्षाही अधिक नेटकी करता येते, आणि मोटारींच्या स्पर्धांमध्ये तशा गाड्या भरपूर दिसतात.

मात्र ५५९ च्या बाबतीत या प्रक्रियेत काय काय गेले असते, ते एकेक पाहावे लागते. दारांखालच्या पट्ट्यांना चित्रीकरणासाठी वेल्ड केलेल्या कॅमेऱ्याच्या आधारनळ्या अजून जागेवर होत्या. बालचाउस्कींचे बळकटीकरण जागेवर होते. चित्रपटातील गाडी म्हणून तिची ओळख पटवणारी कामाची खूण आणि दोन-तीन मालकांनी वापरल्याच्या खुणा एकाच पत्र्यावर एकमेकींवर चढलेल्या होत्या. रंगाच्या थरांतही काळाचा क्रम होता. स्पर्धेच्या परीक्षकाच्या नजरेने पाहिले तर आधारनळ्या हा दोष आहे, कारण कारखान्यातून निघताना त्या नव्हत्या. इतिहासाच्या नजरेने पाहिले तर त्या आधारनळ्या हाच गाडीचा जन्मदाखला आहे. कागदपत्रे होती, मॅक्वीन यांचे पत्र होते, क्रमांक जुळत होता; पण क्रमांक असलेली गाडीच पडद्यावर दिसली, हे सांगणारा सर्वांत थेट पुरावा लोखंडात होता. तो एकदा घासला गेला की परत मिळण्याची सोय नाही. नव्याने वेल्ड केलेली आधारनळी फक्त आधारनळी असते, तिच्यातून काही सिद्ध होत नाही.

मुलाने इंजिन, क्लच आणि चालनयंत्रणा दुरुस्त करून गाडी चालती केली आणि पत्रा व रंग यांना हात लावला नाही. यातला पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. न चालणारी मोटार ही मोटारीच्या आकाराची वस्तू असते. इंजिन, क्लचपट्टी, ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या रबरी नळ्या हे भाग गाडीच्या आयुष्यात बदलतच आलेले असतात आणि त्यांतून फारसा पुरावा वाहत नाही. त्यामुळे तिथे नवे भाग बसवण्यात काही गमावत नाही, उलट गाडी जे करण्यासाठी बनली ते ती पुन्हा करू लागते. पत्र्याचे तसे नाही. एकाच गाडीत दोन वेगळे नियम लावण्याची ही समज, माझ्या मते, या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत परिपक्व गोष्ट आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. गंज थांबत नाही. आज न कापलेला पत्रा उद्या आपोआप नाहीसा होईल, आणि मग जपलेला पुरावाही त्याच्यासोबत जाईल. हे खरे आहे. त्यावर उत्तर आहे ते गंज स्थिर करण्याचे: कोरडी साठवण, नियंत्रित आर्द्रता, उघड्या पत्र्यावर मेणाचा किंवा तेलाचा पारदर्शक थर आणि जिथे ताकद धोक्यात आहे तिथेच आतून, दिसेल अशा रीतीने दिलेला आधार. या मार्गाने गाडी रोजच्या रस्त्यावर आणता येत नाही, ही त्याची किंमत आहे. ज्या गाडीत असा विशेष पुरावा नाही तिच्यासाठी ती किंमत मोजण्याचे कारणही नाही, आणि हजारो सामान्य मस्टँगच्या मालकांनी आपल्या गाड्या उघड्या लोखंडापर्यंत घासून नव्या केल्या तर त्यात काही गैर नाही. ५५९ साठी मात्र ती किंमत योग्य होती.

१४ जानेवारी २०१८ रोजी, चित्रपटाच्या पन्नासाव्या वर्षी, डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी जगासमोर आली. त्याच वर्षी तिची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत एकविसावे वाहन म्हणून झाली. या नोंदवहीची कागदपत्रे, मोजमापे आणि छायाचित्रे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात (लायब्ररी ऑफ काँग्रेस) ठेवली जातात. हाच या निर्णयाचा दुसरा फायदा होता. गाडी घासली गेली असती तर मोजण्यासारखे फारसे उरलेच नसते. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथील लिलावात ती ३४ लाख डॉलरना, आणि लिलावगृहाचे शुल्क धरून ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. त्या क्षणी ती जगातील सर्वांत महागडी मस्टँग होती.

५५८: कवच आणि क्रमांक

उड्यांच्या गाडीचे चित्रीकरणात इतके हाल झाले की ती भंगारात गेली असे सर्वजण धरून चालले होते. २०१७ च्या प्रारंभी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया सूर भागात एका घराच्या आवारात पडलेले मस्टँगचे पांढरे कवच एका कारागिराने विकत घेतले. त्याचा हेतू ते दुसऱ्याच एका चित्रपटातील मस्टँगच्या प्रतिकृतीत रूपांतरित करण्याचा होता. काम सुरू करण्यापूर्वी क्रमांक तपासला गेला आणि तो ५५८ निघाला. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादन नोंदी बाळगणारे केव्हिन मार्टी यांनी प्रत्यक्ष येऊन ती गाडी तपासली आणि तीच असल्याचे प्रमाणित केले.

ओळख पटली ती दोन आधारांवर. एक म्हणजे पुढच्या मडगार्डखालच्या आतील पत्र्यावर ठोकलेला क्रमांक. दुसरा म्हणजे ते बळकट केलेले मनोरे आणि सामानाच्या कप्प्यात चित्रीकरणाच्या उपकरणांसाठी पाडलेली छिद्रे. हा तपशील मला अतिशय बोलका वाटतो. कवचावर पांढरा रंग चढला, इंजिन गेले, आतली सजावट गेली, तरीही जे कुणाच्या लक्षातच आले नाही, तेच टिकले. मधल्या काळातल्या एखाद्या हौशी मालकाने व्यवस्थित पैसा खर्चून ही गाडी नीट जीर्णोद्धारित केली असती, छिद्रे बुजवली असती आणि कुजलेला आतला पत्रा नव्याने बसवला असता, तर आज ५५८ ओळखताही आली नसती. दुर्लक्षाने जे वाचवले ते कदाचित चांगल्या कारागिरीने नष्ट केले असते.

क्रमांक ठोकलेल्या पत्र्याबद्दल इथेच एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मस्टँगमधील तो आतला पत्रा बॅटरीच्या शेजारी कुजतो आणि तो बदलणे ही जीर्णोद्धारातील नित्याची गोष्ट आहे. पण त्यावरच क्रमांक असतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात वाहनाचा ओळख क्रमांक काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, दुरुस्तीसाठी अपरिहार्य असेल तेवढाच अपवाद. त्यामुळे जाणकार कारागीर क्रमांकाचा तुकडा जागेवर ठेवून त्याभोवतीचा पत्रा बदलतात आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र काढतात. घाईत काम करणारा मात्र पूर्ण पत्रा कापून बाजूला टाकतो, आणि त्यानंतर ती गाडी कोणती होती हे कागदावरच उरते.

आता ५५८ पुढचा खरा पेच. या गाडीचा जीर्णोद्धार करायचा असे ठरले, आणि तो निर्णय माझ्या मते अपरिहार्यच होता, कारण इंजिन व गिअरबॉक्स नसलेल्या कवचाला जपण्यासारखी चालती अवस्था उरलेलीच नव्हती. पण कोणत्या दिवसाच्या अवस्थेत आणायची? कारखान्यातून निघालेल्या दिवसाच्या? मग बालचाउस्कींचे काम काढावे लागेल आणि गाडीचे महत्त्वच संपेल. चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळच्या? की शेवटच्या दिवसाच्या, म्हणजे मोडलेल्या, वाकलेल्या, पोचे पडलेल्या अवस्थेत? शेवटचा पर्याय इतिहासाला सर्वांत जवळचा आहे आणि त्यासाठी मुद्दाम पत्रा वाकवावा लागेल, जे कोणताही प्रामाणिक कारागीर करणार नाही. म्हणून चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीचा क्षण हाच एकमेव समर्थनीय मुक्काम उरतो, आणि त्या मुक्कामी पोचतानाही पांढऱ्या रंगाखाली मूळ हिरवा रंग कुठे शिल्लक आहे का, छिद्रांच्या कडा कशा आहेत, वेल्डिंगचे टाके कोणत्या हाताचे आहेत, हे आधी नोंदवल्याशिवाय एकही थर घासू नये. नवे इंजिन बसवायचे तर ते त्याच जातीचे, त्याच सालाच्या ओतकामाचे मिळते. पण ते या गाडीचे मूळ इंजिन नाही, हे त्याच्या कागदांत स्पष्ट लिहिलेले असावे.

जिथे पूर्ण जीर्णोद्धार योग्य ठरला

५५९ चा विक्रम सहा महिनेच टिकला. १७ जुलै २०२० रोजी इंडियानापोलिसच्या लिलावात १९६५ सालची शेल्बी जीटी३५०आर, क्रमांक ५आर००२, ३८ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली, आणि ती संपूर्णपणे जीर्णोद्धारित गाडी होती. जीर्णोद्धाराच्या विरोधात सरसकट बोलणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. मस्टँगवरून शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बी यांच्या कारखान्यातील ही पहिली शर्यतीची प्रायोगिक मस्टँग. टेक्ससमधील ग्रीन व्हॅली येथे १४ फेब्रुवारी १९६५ रोजी शर्यतपटू केन माइल्स यांनी ती जिंकवली, आणि चारही चाके जमिनीपासून उचललेली तिची छबी शेल्बीच्या इतिहासातील सर्वाधिक ओळखीच्या छायाचित्रांपैकी एक झाली. पुढे ती मेक्सिकोत पोचली, तिथे शर्यतीत धावली, बदलत गेली आणि कित्येक वर्षे गोदामात पडून राहिली.

या गाडीचा जीर्णोद्धार न्याय्य का ठरतो आणि ५५९ चा का ठरला नसता? दोघींचे महत्त्व एकाच प्रकारचे आहे, दोन्ही शर्यतीच्या किंवा पडद्याच्या एका विशिष्ट क्षणामुळे मोलाच्या. फरक असा की ५आर००२ च्या बाबतीत तो क्षण छायाचित्रांत आणि शेल्बीच्या नोंदींत तपशीलवार टिपलेला होता, तर गाडीवर साचलेले नंतरचे थर त्या क्षणाचे नव्हते. थर काढल्याने पुरावा गेला नाही, उघडा पडला. ५५९ मध्ये उलट होते: थर आणि क्षण एकाच पत्र्यात होते. म्हणून ‘मूळ ठेवावे की नवे करावे’ हा प्रश्न सर्व गाड्यांना एकसारखा विचारणे चुकीचे आहे. प्रत्येक गाडीत तिचा महत्त्वाचा क्षण कुठे नोंदला गेला आहे, हे प्रथम शोधावे लागते.

किमतींविषयी एकच सांगतो. लिलावाच्या आकड्यांवरून योग्य संवर्धन ठरत नाही, आणि बाजार उद्या मन बदलू शकतो. तरीही एकाच वर्षात सर्वांत महाग ठरलेल्या दोन मस्टँगपैकी एक अस्पर्श आणि एक पूर्ण जीर्णोद्धारित होती, यावरून एवढे दिसते की खरेदीदारांनीही ठोकळेबाज नियम लावला नाही.

नियम आणि आपल्याकडची परिस्थिती

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१३ मध्ये ट्यूरिन येथे स्वीकारलेल्या सनदेत ही भूमिका बरीचशी शब्दांत आणली आहे. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग मानावा, हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा, नवे बसवलेले भाग ओळखू येतील असे असावेत आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, असे ती सनद सांगते. ५५९ च्या आधारनळ्या यांतल्या पहिल्याच तत्त्वाखाली संरक्षित ठरतात.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम लागू केले. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. अट अशी आहे की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चॅसी, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मसल कारच्या काळात आपल्याकडे आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे त्या जातीच्या गाड्या भारतात फारच कमी आहेत. मात्र शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सने जुळवलेल्या शेव्हर्ले आणि नंतर कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने जुळवलेल्या डॉज व प्लिमथ या मुंबईच्याच अमेरिकी गाड्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच सुट्या भागांच्या टंचाईमुळे पुढे दुसऱ्याच कंपनीच्या डिझेल इंजिनावर चालवल्या गेल्या, टॅक्सी झाल्या, त्यांचा पत्रा स्थानिक कारागिरांनी हाताने ठोकून पुन्हा घडवला. नियमाची भाषा या गाड्यांना कशी लागू करायची, हा आपल्या संग्राहकांपुढचा प्रत्यक्ष प्रश्न आहे. पन्नासच्या दशकातील डॉजमध्ये साठच्या दशकात मुंबईच्या गॅरेजने बसवलेले डिझेल इंजिन हा फेरफार म्हणून काढून टाकावा, की परकीय चलनाच्या टंचाईतला एक दस्तऐवज म्हणून ठेवावा? माझे उत्तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, विशेषतः जिथे ते काम कोणत्या वर्षी झाले हे पावतीने किंवा नोंदणीपुस्तिकेने सिद्ध होते. पण नियम तसे म्हणत नाही, आणि तो आज जसा आहे तसा वाचला तर बालचाउस्कींच्या हातची ५५९ सुद्धा त्याच्या चौकटीत सहज बसणार नाही.

म्हणून आपल्याकडच्या मालकांनी, गाडी उघडण्याचे काम गॅरेजला देण्यापूर्वी, सर्व बाजूंनी, खालून आणि आतून छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक ठोकलेला क्रमांक खडूच्या ठशाने कागदावर उतरवून घ्यावा, रंगाचे थर एखाद्या न दिसणाऱ्या जागी पायरीपायरीने घासून पाहावेत आणि कापलेला प्रत्येक तुकडा, तो कितीही कुजलेला असो, नाव व दिनांक लिहून ठेवावा. कारागिराला सुरुवातीलाच सांगावे की जुने वेल्डिंग किंवा अनोळखी छिद्र दिसले तर ते बुजवण्याआधी मालकाला दाखवायचे. ५५८ मध्ये क्रमांक वाचण्याचे काम प्रतिकृतीचे काम सुरू होण्याच्या आधी झाले, म्हणून ती ओळखली गेली. तेच काम आठवडाभर उशिरा झाले असते तर त्या कवचाचे काय झाले असते, हे त्याच कारागिराच्या मूळ हेतूवरून कळते.